धूर जातो कुठे? साण्यापासून चिमणीपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे स्वयंपाकघर कुठून आलं? गड, लढाया, तह यांच्यावर आपण खूप बोलतो. पण माणसानं घरात विस्तव आणला, तेव्हापासून प्रत्येक घराला एक प्रश्न पडलेला आहे. या धुराचं करायचं काय? नवीन फ्लॅट घेतलेल्या माणसाला तो आजही पडतो, फक्त दुकानात तो वेगळ्या शब्दांत विचारला जातो. 'साहेब, चिमणी डक्टची देऊ की बिनडक्टची?' डक्टची म्हणजे हवा ओढून पाइपातून बाहेर फेकणारी. बिनडक्टची म्हणजे हवा ओढून, जाळी आणि कोळशातून गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडणारी. तासाभरात या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, टाळणार नाही. पण जरा लांबच्या रस्त्यानं जाऊ.

आधी शब्दाची गंमत. आपल्या भाषेत चिमणी म्हणजे अंगणातला पक्षी. कंदिलाची काच म्हणजेही चिमणी. रॉकेलवर जळणारा पत्र्याचा छोटा दिवा, तोही चिमणी. मग गिरणीची चिमणी, आणि आता ओट्यावरची चिमणी. पक्षी सोडला तर बाकीच्या चिमण्या इंग्रजीतून उडत आलेल्या आहेत. (हशा) आपला जुना शब्द धुराडं. आज ते कारखान्यालाच उरलं. घराच्या बाबतीत तो शब्द फारसा रुजलाच नाही, कारण आपल्या बहुतेक घरांना वेगळं धुराडं नव्हतंच.

मग धूर जायचा कुठून? देशावर, मराठवाड्यात, खानदेशात मातीच्या धाब्याची घरं असत. त्या धाब्याला एक भोक ठेवलेलं असे. काही भागांत त्याला साणं म्हणतात, काही ठिकाणी सवणं. दिवसा त्यातून उजेडाचा कवडसा खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. पाऊस आला की वर फरशी किंवा पत्रा सरकवायचा. म्हणजे बरोबर पावसाळ्यात, लाकडं ओली आणि धूर सगळ्यात जास्त असताना, साणं बंद! कोकणात कौलारू घर. तिथं भोकाची गरजच नाही, कौलांच्या फटींतून धूर झिरपत राहायचा. पहाटे कोकणातलं एखादं गाव लांबून पाहिलंत तर सगळं छप्पर वाफाळतंय असं वाटायचं. पुण्यातल्या वाड्यांत स्वयंपाकघर मागच्या चौकाला लागून. चौकातली तापलेली हवा वर चढते आणि स्वयंपाकघरातली हवा आपल्याबरोबर ओढते. पेशवाईत मोठ्या घरच्या स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणत; तिथं शंभर पानांचा स्वयंपाक व्हायचा. तो चौक नसता तर आचारी टिकले नसते.

आता या जुन्या घरांबद्दल फार हळवं होण्याचं कारण नाही. धूर जायचा, पण सावकाश जायचा. तो आधी खोलीत भरायचा, आढ्याला, वाशांना काजळी धरायची, आणि मग निघायचा. त्याचा उपयोगही लोक करून घेत. चुलीवरच्या माळ्यावर लाकडं वाळत, बियाण्याची कणसं टांगलेली असत, धुरानं वाशांना आणि बांबूला कीड लागत नसे. हे सगळं खरं आहे. पण चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत काय साठत होतं, ते या हिशेबात कुणी धरलं नव्हतं. वाशांना न लागलेली कीड दिसते, छाती दिसत नाही.

गंमत अशी की हाच युक्तिवाद चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये झालेला आहे. मघाशी म्हटलं की चिमणी इंग्रजीतून आली, तर थोडं तिकडे जाऊ. तिथंही आधी खोलीच्या मधोमध विस्तव आणि छपराला भोक, म्हणजे आपलं साणंच. सोळाव्या शतकात विटांची धुराडी साध्या शेतकऱ्यांच्या घरांतही दिसू लागली. विल्यम हॅरिसन नावाचा एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री होता. १५७७ साली प्रथम छापलेल्या त्याच्या इंग्लंडच्या वर्णनात तो लिहितो की गावातले म्हातारे आपल्या हयातीत झालेल्या मोठ्या बदलांत पहिला बदल मोजतात तो नव्यानं उभ्या राहिलेल्या धुराड्यांचा. पुढे हाच हॅरिसन कुरकुरतोही. पूर्वी धुरानं घराचं लाकूड टणक व्हायचं, घरधन्याची प्रकृतीही राहायची. आता धुराडी आली आणि लोकांना पडसं-खोकला सुरू झाला! आपल्याकडच्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

धुराडी इतकी झाली की सरकारला त्यात पैसा दिसला. १६६२ साली चूल-कर आला, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. तो १६८९ साली रद्द झाला, पण तोवर लोकांनी काय काय केलं! ऑक्सफर्डशरमधल्या चर्चिल गावात १६८४ साली एका भटारणीनं कर वाचवायला स्वतःचं धुराडं न वापरता भट्टीतून भोक पाडून शेजाऱ्याच्या धुराड्यात धूर सोडला. आग लागली, वीसेक घरं जळाली, चार माणसं गेली. आपला धूर शेजाऱ्याच्या नळात सोडायची ही युक्ती लक्षात ठेवा. आपल्या सोसायट्यांमध्ये ती पुन्हा भेटणार आहे.

पण थंड देशातल्या धुराड्याला एक मोठं दुखणं होतं. धुराबरोबर ऊबही बाहेर जायची. विस्तव जितका मोठा, तितकी धुराड्यातली ओढ मोठी, आणि तितकी बाहेरची गार हवा दाराखालून आत. म्हणजे तोंड भाजतंय आणि पाठ गारठतेय. अठराव्या शतकातल्या दोन हुशार माणसांनी यावर डोकं चालवलं. बेंजामिन फ्रँकलिननं १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी काढली. तिच्यात गरम धूर एका पेटीभोवती फिरवायचा, पेटीतली स्वच्छ हवा तापवून खोलीत सोडायची आणि धूर बाहेर घालवायचा. कल्पना सुंदर. पण धुराला वर जाण्याआधी खाली उतरायला लावलं होतं, आणि धूर काही आज्ञाधारक नसतो. ती शेगडी नीट चालली ती पुढे इतरांनी दुरुस्त केल्यावर. दुसरा माणूस बेंजामिन टॉम्प्सन, म्हणजे काउंट रम्फर्ड. १७९६ च्या निबंधात त्यानं सांगितलं की धुराड्याचा गळा अरुंद करा, चुलीच्या भिंती तिरक्या करा. धूर जाईल, ऊब कमी जाईल. लंडनमध्ये लोकांनी आपली धुराडी भराभर 'रम्फर्ड' करून घेतली.

या दोघांची धडपड मी एवढ्यासाठी सांगतोय की त्यांचा प्रश्न नीट कळावा. धूर घालवायचा, पण तापवलेली हवा घालवायची नाही. हा थंडीतल्या माणसाचा प्रश्न आहे. बिनडक्टच्या चिमणीचा जन्म समजायचा तर हे वाक्य डोक्यात ठेवा.

आता पुन्हा इकडे येऊ, मुंबईत. एकोणिसाव्या शतकात गिरण्या आल्या, त्यांच्या चिमण्या आल्या आणि शहराच्या धुराचा प्रश्न उभा राहिला. कलकत्त्यात १९०५ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला, मुंबईचा १९१२ साली. बंगालच्या कायद्यात भट्टीची व्याख्या करताना दोन गोष्टी वगळल्या आहेत: प्रेतं जाळण्याच्या जागा आणि खासगी घरातली घरगुती चूल. एका अर्थी बरोबरच आहे, इन्स्पेक्टर काय घराघरात शिरून चुली विझवणार? पण परिणाम असा झाला की आकाशातला काळा धूर कायद्याला दिसला आणि खोलीतला दिसला नाही. जिथं नाक सगळ्यात जवळ होतं, तिथं मोजमापच नव्हतं.

आणि त्याच काळात गिरणी कामगारांची राहती खोली बदलत होती. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या. गावाकडच्या कौलांतून जो धूर आपोआप झिरपायचा, तो इथं झिरपणार कुठून? माणूस गावाहून आला, त्याची शेगडी आली, कोळसा आला. साणं तेवढं गावी राहिलं. एकाच खोलीत चूल, मोरी, पाळणा आणि रात्रपाळी करून झोपलेला माणूस. मला विचाराल तर आपल्या शहरी स्वयंपाकघराचा खरा इतिहास इथं सुरू होतो. चूल तीच राहिली, पण धुराला वाट देणारं घर गेलं.

ही वाट पुन्हा बांधून देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात झाला, वर्ध्याला. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार, जागा मगनवाडी. तिथं जी सुधारलेली चूल तयार झाली तिचं नाव मगन चूल. रचना तुम्हाला ओळखीची वाटेल. आपल्या जुन्या चुलीला वैल असतो ना? मुख्य चुलीतला उरलेला जाळ बाजूला जातो आणि तिथं भाताचं पातेलं मंद शिजत राहतं. मगन चुलीत तेच तत्त्व पुढे नेलं: जाळ बंद मार्गातून एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जातो, आणि शेवटी त्याला धुराडं दिलं. हैदराबादला एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात असाच बिनधुराचा चुलवण लोकांपुढे ठेवला. दोन्हीकडे उत्तर एकच होतं, धूर बाहेर.

बाईच्या छातीतला धूर मात्र अजून मोजायचा होता. दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली एका सहकाऱ्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या दीर्घ आजारानं हृदयाची उजवी बाजू निकामी होते, तो रोग. जगात तो विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा समजला जायचा. दिल्लीत तो बायकांमध्येही तितकाच दिसत होता, आणि त्या बायका विडी ओढत नव्हत्या. मग ओढत काय होत्या? बोट चुलीकडे गेलं. त्यानंतर कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकानं गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटे पंप लावून मोजणी केली. १९८३ साली आकडे छापून आले. स्वयंपाकाच्या वेळी हवेत सरासरी दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण. ७ मायक्रोग्रॅम नाही, मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. आज हवेची बातमी वाचताना आपण शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमला घाबरतो. बातमीतला आकडा बहुधा बारीक कणांचा असतो आणि हा सगळ्या कणांचा, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही. पण अंदाज यावा.

मग सरकारनं १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. तीन कोटींहून जास्त चुली बसल्याचे आकडे आहेत. २००२ साली तो बंद झाला. का फसला? कारणं अगदी घरगुती आहेत. धुराड्याच्या पाइपात काजळी साठते, ती दर काही आठवड्यांनी काढावी लागते, आणि ते कुणी शिकवलं नव्हतं. पाइप छपरातून जातो तिथून पावसाचं पाणी गळतं. मोठं भांडं बसत नाही म्हणून चुलीचं तोंड फोडून रुंद केलं जातं. धुराडं बसवणं हा एक दिवसाचा समारंभ आणि ते चालू ठेवणं हे रोजचं काम, आणि रोजचं काम कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हतं.

तरीही धुराड्याचा उपयोग होतो का, याचा पुरावा हवा असेल तर तो चीनमध्ये मिळतो. युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात लोक घरात धुरकट दगडी कोळसा उघड्या खड्ड्यात जाळत. तिथल्या बायका सिगारेट ओढत नसूनही त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग प्रचंड. १९७० नंतर अनेकांनी धुराडं असलेल्या चुली बसवल्या. २१,००० हून अधिक शेतकऱ्यांच्या नोंदी तपासून २००२ साली निष्कर्ष आला: धुराडं बसवलेल्या घरांत कर्करोगाचा धोका सुमारे चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांनी घटला. इंधन तेच, कोळसा तोच. फक्त धुराला वाट दिली. दुसरी बाजूही सांगतो. ग्वाटेमालात असाच मोठा प्रयोग झाला, २०११ साली छापून आला. धुराड्याच्या चुलीनं बाळांच्या वाट्याला येणारा धूर निम्म्यावर आला, तीव्र न्यूमोनिया घटलेला दिसला, पण एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे सांगावी इतकी नव्हती. कारण उरलेला निम्माही पुष्कळ होता, आणि धुराड्यातून निघालेला धूर त्याच वस्तीत घुटमळत होता.

इथं तुम्ही म्हणाल, आमच्याकडे गॅस आहे, हे चुलीचं पुराण आम्हाला कशाला? रास्त प्रश्न आहे. मुंबईत १९५० च्या दशकात बर्शेनच्या टाक्या आल्या, पुढे इंडेन आला, २०१६ साली उज्ज्वला योजना आली. गॅसनं जे केलं ते कुठल्याच धुराड्याला जमलं नव्हतं. काजळी गेली. पण काजळी गेली म्हणजे ज्योतीतून काहीच निघत नाही, असा आपला समज झाला, आणि तिथंच आपण फसतो.

साधं रसायनशास्त्र आहे. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडी जास्त पाण्याची वाफ आणि सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे आपली १४.२ किलोची टाकी संपेपर्यंत घरात २२ लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपानं सोडलं जातं. एक मोठी कळशी भरून उरेल! भाताची, डाळीची वाफ वेगळी. शिवाय ज्योतीच्या उष्णतेनं हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तो दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना त्रासदायक. बर्नर घाण असेल, ज्योत पिवळी असेल, तर कार्बन मोनॉक्साइड. आणि फोडणी! तेल तापून धुरावलं की त्यातून बारीक कण आणि डोळ्याला झोंबणारी द्रव्यं निघतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनं २०१० च्या अहवालात उच्च तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलंय. पुऱ्या तळू नका असं मी सांगत नाही. पुऱ्या तळा, पण धूर घालवा.

आता येतो कोळशाकडे, कारण बिनडक्टच्या चिमणीचा सगळा भरवसा कोळशावर आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथं जर्मनांनी क्लोरिन सोडला आणि गॅस मास्कची शर्यत लागली. रशियात झेलिन्स्कीनं त्याच वर्षी सक्रिय कोळशाचा मास्क सुचवला. १९१८ साली अमेरिकेत घराघरातून पीच फळाच्या आठळ्या आणि कवचं गोळा केली जात होती, कारण टणक कवचाच्या कोळशात सूक्ष्म भोकं जास्त असतात. त्यात सरस ठरली ती नारळाची करवंटी. आपण बंब पेटवायला घालतो ती! सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सहज हजार चौरस मीटरच्या घरात जातो. मोठे, जड रेणू तिथं चिकटून बसतात. वासाचे बहुतेक रेणू असेच असतात. म्हणून बिनडक्टच्या चिमणीनं मासळीचा वास कमी होतो, ही काही दुकानदाराची थाप नाही.

पण मास्कवाल्यांना तेव्हाच एक गोष्ट कळली होती. कार्बन मोनॉक्साइड या कोळशात अडकत नाही. त्यासाठी तांबं आणि मँगेनीज यांच्या ऑक्साइडांचं हॉपकलाइट नावाचं वेगळं मिश्रण शोधावं लागलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सैनिकाला जे माहीत होतं, ते आज चिमणीच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. बिनडक्टची चिमणी चिकटपणा पकडते, वास पकडते. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि उष्णता जशीच्या तशी तुमच्या तोंडावर परत सोडते. नायट्रोजन डायऑक्साइड ताजा कोळसा थोडाफार धरतो, जुना झाला की तेही नाही. आणि कोळसा भरला की कळणार कसं? दिवा लागत नाही, आवाज येत नाही. आपल्या स्वयंपाकात तो काही महिन्यांतच भरतो.

मग असलं यंत्र कुणी आणि का बनवलं? वेडे होते का ते? नाही. इथं फ्रँकलिन आणि रम्फर्डला आठवा. युरोपातल्या हिवाळ्यात तापवलेली हवा म्हणजे पैसा. १९९१ च्या सुमारास जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात 'पॅसिव्ह हाउस' पद्धतीचं पहिलं घर झालं. इतकं हवाबंद की उष्णता जवळजवळ गळतच नाही. अशा घरात तासाला शेकडो घनमीटर उबदार हवा बाहेर फेकणारी चिमणी लावली तर सगळी काटकसर पाण्यात. म्हणून तिथं ओट्यावर बिनडक्टची चिमणी बरीच वापरतात. पण त्या घरात आणखी एक यंत्रणा असते: सगळ्या घराची हवा चोवीस तास हळूहळू बदलणारी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली शिळी, दमट हवा ती काढून घेते, जाता जाता तिची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देते आणि मग बाहेर सोडते. फ्रँकलिनच्या पेटीची आठवण येते की नाही? आणि त्यांच्या ओट्यावर बहुतेक वेळा ज्योत नसते, विजेची शेगडी असते.

म्हणजे ती चिमणी हे अर्धं यंत्र आहे. चिकटपणा आणि वास तिच्याकडे, वाफ आणि वायू दुसऱ्या यंत्रणेकडे. आपल्याकडे दुकानात आलं ते हे अर्धं. उरलेलं अर्धं आलंच नाही. आणि जी ऊब वाचवण्यासाठी हा खटाटोप, ती मे महिन्यात सोलापूरच्या स्वयंपाकघरात कुणाला वाचवायची आहे? (हशा) आपल्याला तर ती उष्णताच आधी घालवायची आहे.

तेव्हा उत्तर. घरात गॅसची ज्योत असेल आणि स्वयंपाकघराची एक जरी भिंत बाहेरच्या हवेला लागत असेल, तर बाहेर फेकणारीच चिमणी घ्या. चिमणी परवडत नसेल तर खिडकीतला साधा एक्झॉस्ट पंखा घ्या. महागड्या बिनडक्टच्या चिमणीपेक्षा हजार-दोन हजारांचा पंखा ज्योतीच्या बाबतीत जास्त काम करतो. ओट्यावर इंडक्शन असेल तर गोष्ट बदलते. जळण नाही म्हणून वायू नाहीत, उरतो तेलाचा धूर आणि वाफ. तिथं बिनडक्टची चालू शकते, कोळसा वेळेवर बदललात आणि खिडकी उघडलीत तर.

पण डक्टची घेतली म्हणजे काम झालं असं नाही, हे सुधारित चुलींच्या फसलेल्या धुराड्यांनी शिकवलंय. थोडा हिशेब करू. दहा बाय आठचं स्वयंपाकघर, साडेनऊ फूट उंच. साडेएकवीस घनमीटर हवा. खोक्यावर तासाला १,००० घनमीटर लिहिलंय. म्हणजे दर ७८ सेकंदांनी सगळी खोली रिकामी. मग तेवढीच हवा आत यायला नको का? दारं-खिडक्या बंद करून चिमणी लावली तर ती नुसती घरघरते. खिडकी किंवा दार उघडं हवं, शक्यतो ओट्यापासून लांबचं, म्हणजे हवा ओट्यावरून वाहत जाईल. आणि हे धोक्याचंही आहे: बंद घरात जोरदार चिमणी लावली आणि शेजारच्या न्हाणीघरात गॅस गीझर चालू असेल, तर गीझरचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. दुसरं, पाइप. सहा इंचीचा चार इंची करून दिला, तर मार्ग निम्म्यापेक्षाही कमी उरतो. दोन-तीन कोपर घातले की ओढ आणखी मेली. पाइप जाड, सरळ, आखूड. आणि फोडणी मागच्या बर्नरवर द्या. पुढच्या बर्नरचा धूर हुडाच्या कडेवरून निसटतो.

आता सगळ्यात नाजूक जागा. पाइपाचं दुसरं टोक. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी असते. बिल्डर ती उघडी देतो, आपण काच लावून बंद करतो, आणि चिमणीचा पाइप नेऊन सोडतो त्याच बंद बाल्कनीत, कपड्यांच्या दोऱ्यांवर. ही झाली पैसे जास्त देऊन घेतलेली बिनडक्टची चिमणी! किंवा पाइप सोडतो इमारतीच्या डक्टमध्ये, जिथं वरच्या मजल्याची न्हाणीघराची खिडकी उघडते. तुमच्या सुक्या बोंबलाचा धूर वरच्या घरात, आणि मग सोसायटीच्या सभेत मासे विरुद्ध शाकाहार असं भांडण रंगतं. भांडण माशांचं नसतं, पाइपाच्या टोकाचं असतं. चर्चिल गावच्या भटारणीचीच गोष्ट. नवीन इमारत घेत असाल तर बिल्डरला मॉड्युलर किचनच्या रंगाआधी एवढंच विचारा की चिमणीचा पाइप कुठल्या भिंतीतून आणि कुठे उघडतो. नकाशात भोक नसेल तर नंतर बीम फोडायला कुणी देत नाही.

वेळ होत आला. दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत, ते घेतो.

पहिला, 'भाड्याचं घर आहे, मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, मग?' खिडकीची एक काच काढून तिथं पंखा बसवता येतो, जाताना काच पुन्हा लावता येते. त्याला बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत. तेही नसेल तर स्वयंपाकाच्या वेळी खिडकीत बाहेरच्या दिशेनं तोंड करून टेबलफॅन ठेवा, फक्त ज्योत हलणार नाही इतका लांब. आणि बर्नर महिन्यातून एकदा साफ करा, ज्योत निळी हवी.

दुसरा प्रश्न एका ताईंचा आहे. 'चिमणी आहे, डक्टची आहे, पण आवाजामुळे घरातले लावू देत नाहीत, टीव्ही ऐकू येत नाही म्हणतात.' ताई, कमी वेगावर लावा, पण ज्योत पेटवायच्या आधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. आणि तेवढ्या वेळात फोडणी द्यायला त्यांनाच ओट्यापाशी उभं करा.